पिंगळ्याचा पत्ता

कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ उजळतो आणि त्यानंतर काशीत थंडी मुक्कामाला येते. घाटाच्या वर दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी बिऱ्हाडांचा परिसर. जुन्या वस्तीतल्या पडक्या भिंतींची भगदाडं आणि पिंपळाच्या ढोल्या पिंगळा या छोट्या घुबडाला फार मानवतात. पडीक माळे आणि देवळांची शिखरं गव्हाणी घुबडाला पुरतात. घुबड कॅमेऱ्यात टिपायला जंगलच गाठावं लागतं असं मुळीच नाही.

थंडीत पिंगळा सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. छायाचित्रकाराला याहून चांगली वेळ नाही. पौष-माघातल्या दाट धुक्यात मात्र कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चाचपडतो. अशा वेळी फोकस हाताने करावा आणि एक्स्पोजर थोडं वाढवावं, नाहीतर पांढरं धुकं करडं उमटतं. पक्षी स्थिर बसत असल्याने तिपाईवर शटर बऱ्यापैकी सावकाश ठेवता येतं. गार झालेला कॅमेरा उबदार खोलीत आणताना पिशवीतच राहू द्यावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही.

पिंगळा मान वरखाली डोलावत रोखून पाहू लागला की तो अस्वस्थ झाला आहे. तिथेच थांबावं, मागे सरावं. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका पातळीत नसतात. त्यामुळे मिट्ट काळोखातही नुसत्या आवाजावर ते उंदीर पकडतं. अशा कानांपाशी शटरचा खटखटाट किंवा मोबाइलवर वाजवलेली घुबडाची हाक म्हणजे छळच. फ्लॅशही नकोच.

पण सगळ्यात मोठा धोका छायाचित्राखाली लिहिलेल्या ठिकाणात असतो. दिवाळीच्या सुमारास तांत्रिक विधींसाठी घुबडं पकडली जातात आणि तो पत्ता पकडणाऱ्यांनाही कळतो. ज्या लक्ष्मीचं घुबड हे वाहन, तिच्याच सणात. भारतातल्या घुबडांच्या सुमारे 30 जातींपैकी 15 जाती या चोरट्या व्यापारात आढळल्याचं वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक इंडिया’च्या 2010 च्या अहवालात नोंदलं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं गुन्हा आहे, तरी हे चालतं.

आणि तरीही ठिकाणाची नोंद हवीच. नामशेष झाला असं मानलं गेलेल्या रानपिंगळ्याचं उदाहरण पाहा. त्याचा शेवटचा खरा नमुना 1884 मध्ये खानदेशात मिळाला. पुढे ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्यावर ‘गुजरात, 1914’ अशी खोटी चिठ्ठी लावली आणि शोधणारे भलतीकडे भटकले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, खऱ्या जुन्या नोंदींचा माग धरला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळच्या सातपुड्यात त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! दिवसाढवळ्या फांदीवर बसणाऱ्या या पक्ष्याची छायाचित्रं मिळाली, तेव्हा कुणाच्या मनात शंका उरली नाही. मला त्या छायाचित्रांइतकीच त्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांची थोरवी वाटते.

म्हणून तारीख, वेळ, झाड, भिंत हे सारं आपल्या वहीत नेमकं लिहावं आणि जबाबदार अभ्यासकाला द्यावं. चारचौघांत दाखवायच्या छायाचित्राखाली नुसतं ‘काशी’ पुरे. गल्लीचं नाव नको. थंडी सरता सरता इथले पिंगळे अंडी घालतात, तेव्हा तर ढोलीचं छायाचित्रच टाळावं. मोबाइलने फोटो काढत असाल तर आधी त्यातली लोकेशनची सोय बंद करा, कारण फोटोच्या फाइलमध्येच पत्ता साठवला जातो.