ताईचा वाटा

मे महिना सरत आला की आमच्या नंदुरबार भागात घरोघरी एक काम निघते. भाचरांना उधन्याला पोचवून यायचे! सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली कितीतरी कुटुंबे आहेत. कोणी लूमवर, कोणी साड्यांच्या मार्केटात. माझी थोरली बहीण उधन्यात दिलेली. मामा म्हणून वीसेक वर्षे हे काम माझ्याकडेच होते.

ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमध्ये त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. लूमवाले गावाहून परतत असत. कोणाच्या डोक्यावर गोधडी, कोणाच्या मांडीवर बिबड्यांचा डबा, लोणच्याच्या बरणीला फडके. नवापूर आले की भाचरे खिडकीशी झोंबत. त्या स्टेशनच्या मधून राज्याची हद्द जाते. फलाटावरचे बाकडेसुद्धा अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एक भाचा म्हणे, मी मामाच्या गावाला. दुसरी म्हणे, मी घरी पोचले.

पोचवल्याचे बक्षीस म्हणजे दुसऱ्या दिवशी डुमस. मेहुण्यांची बारा तासांची पाळी, त्यामुळे ते क्वचितच येत. ताई, मी आणि पोरे. काळी वाळू, गरम टोमॅटोची भजी आणि समुद्राचा वारा. उन्हाळा तिथे संपायचा. येण्याआधी पोरे प्रकाशाला तापीत नारळ सोडून आलेली असत. डुमसला, तापीच्या मुखाशी, तो वाहत येईल म्हणून पाण्याकडे बघत बसत. मी मास्तर माणूस, गप्प कसा राहणार? दरवर्षी सांगायचो, अरे, मध्ये उकाईचे धरण आहे, १९७२ सालापासून, तुमचा नारळ तिथेच अडकला. पोरे हिरमुसत आणि ताई मला डोळ्यांनी दटावी.

गेल्या कार्तिकात आई गेली. अस्थी प्रकाशालाच, तापी-गोमाईच्या संगमावर सोडल्या. यंदा आखाजीला ताई आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, “माय नही, तं आखाजी कसानी?” मला राग आला. भाऊ आहे, भावजय आहे, अंगणातल्या निंबाला झोका बांधला आहे. मग माहेर संपले कसे? पण बायकोने सुनावले, “तुम्ही बोलवायला गेला होता का? मागच्या वर्षापर्यंत सासूबाई पंधरा दिवस आधीपासून फोन करायच्या.” खरेच होते. मी आदल्या दिवशी एक फोन केला होता.

भाचरे आता मोठी झाली, पोचवायला कोणी उरले नाही. तरी जूनच्या तोंडावर मी गाडीत बसलो. बायकोने बिबडे, कुरडया, शेवया बांधून दिल्या. आईच्याच जुन्या पत्र्याच्या डब्यात. उधन्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा लूमची खडखड चालूच होती. ताईने दार उघडले. आधी डबा ओळखला, मग मला.

“कसाले आनं इतलं?” एवढेच म्हणाली आणि चहाला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी आम्ही डुमसला गेलो. या खेपेला मेहुणेही आले, गुडघे धरून का होईना. भाच्याने मोबाइलवर आमचा फोटो काढला. आभाळ नैर्ऋत्येकडून भरून येत होते, भजीवाला प्लास्टिक ताणून बांधत होता. ताई पाण्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “भाऊ, माय आठे लगून उनी व्हई का?”

उकाई माझ्या अगदी ओठांवर आली होती.

“व्हई,” मी म्हणालो.

तिने पदर खोचला, दोन पावले पाण्यात गेली आणि ओंजळभर पाणी घेऊन सोडले. तेवढ्यात पावसाचे चार थेंब आले. मेहुणे बस चुकेल म्हणून ओरडू लागले. बसमध्ये ताईने विचारले, पुढच्या वर्षी आखाजी किती तारखेला?