डेटाबेस ते तक्ता : वाटेत खातेदार गळू नये म्हणून

कोअर बँकिंग आले आणि शाखेतील जाडजूड लेजरांची जागा मध्यवर्ती डेटाबेसने घेतली. गेल्या दोन वर्षांत व्यवहार न झालेली खाती कोणती, हे शोधण्यासाठी पूर्वी लेजरचे पान न् पान उलटावे लागे. आज तेच उत्तर काही क्षणांत तक्त्याच्या रूपाने पडद्यावर उमटते. मात्र पाने उलटताना अनुभवी नजरेला जी शंका येत असे, ती संगणकाला येत नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचे तंतोतंत उत्तर देतो. प्रश्नच अपुरा असेल तर उत्तरही अपुरे येते. म्हणूनच प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर तक्त्यात कसे उतरवावे, हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रश्नाची भाषा

माहिती ओळी व स्तंभ असलेल्या परस्परसंबंधित तक्त्यांत साठवावी, ही कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा सादर केली. तीच आजची एसक्यूएल होय. या भाषेत लिहिलेल्या प्रश्नास 'क्वेरी' म्हणतात. क्वेरीचे उत्तर हाही एक तक्ताच असतो आणि तो पुढील विश्लेषणासाठी एक्सेलसारख्या साधनात किंवा पायथॉन भाषेतील 'पांडाज' या साधनात भरता येतो.

निष्क्रिय खात्यांचे उदाहरण

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ज्या बचत अथवा चालू खात्यात खातेदाराने स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केलेला नाही, ते खाते निष्क्रिय मानले जाते. हा काळ दहा वर्षांवर गेल्यास रक्कम २०१४ मध्ये सुरू झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क त्यानंतरही अबाधित राहतो. परंतु वेळीच संपर्क साधला गेला तर उभयतांचे श्रम वाचतात. त्यासाठी अशा खात्यांची यादी बिनचूक हवी.

ही यादी करताना 'खाती' आणि 'व्यवहार' हे दोन तक्ते खाते क्रमांकाच्या आधारे जोडावे लागतात. साधी जोडणी केवळ दोन्ही तक्त्यांत सापडणाऱ्या खात्यांनाच उत्तरात घेते. म्हणजे ज्याचा गेल्या दोन वर्षांत एकही व्यवहार नाही, तो खातेदार यादीतून मुकाट्याने गळतो. आणि शोध तर त्याचाच चाललेला असतो! यावर उपाय 'लेफ्ट जॉइन' हा आहे. या जोडणीत खात्यांच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ राहते व व्यवहार नसल्यास ती जागा रिकामी दिसते. तारखेची अटही जोडतानाच घालावी. नंतर घातल्यास तारीख रिकामी असलेल्या ओळी पुन्हा गळतात.

दुसरी बाब व्याजाची. निष्क्रिय बचत खात्यातही व्याज जमा होतच असते. ही नोंद व्यवहार म्हणून मोजली, तर वर्षानुवर्षे न उघडलेले खातेही चालू असल्याचे भासेल. म्हणून बँकेने केलेल्या जमा-नावे नोंदी क्वेरीतून वेगळ्या काढाव्या लागतात.

तिसरी बाब याच्या उलट आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नोंदविता येतात. खात्याची जोडणी नामनिर्देशनाच्या तक्त्याशी केली, तर चार नावे असलेले खाते चार ओळींत येते. शिलकेची बेरीज केल्यास १०,००० रुपयांचे ४०,००० होतात! शिलकेची बेरीज म्हणूनच अशा जोडणीच्या आधी करावी.

तक्त्यात भरताना

क्वेरी अचूक असली तरी उत्तर तक्त्यात उतरताना ते बिघडू शकते. खाते क्रमांक दिसायला संख्या असला तरी वस्तुतः ते एक नाव आहे. त्याची बेरीज कोणी करीत नाही. एक्सेलने तो संख्या म्हणून वाचला, तर आरंभीची शून्ये नाहीशी होतात आणि पंधरा अंकांपुढील अंकांच्या जागी शून्य येते. पांडाजमध्येही पूर्णांकांच्या स्तंभात एखादी जागा रिकामी असेल, तर एरवी तो सारा स्तंभ दशांशयुक्त होतो. म्हणून खाते क्रमांकाचा स्तंभ 'मजकूर' या प्रकारातच भरावा. रिकामी जागा आणि शून्य यांतही भेद राखावा : शिल्लक शून्य असणे वेगळे आणि शिलकेची नोंदच नसणे वेगळे.

तक्त्याची क्षमताही पाहावी लागते. एक्सेलच्या जुन्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ मावतात. इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या स्वरूपातील फायली वापरल्याने २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी वेळेत पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. ओळी फार असतील तर त्या हप्त्याहप्त्याने आणण्याची सोय पांडाजमध्ये आहे. तसेच सर्व स्तंभ सरसकट न मागता आवश्यक तेवढेच मागावेत. त्यामुळे डेटाबेसवरील भार हलका होतो आणि खातेदाराची खासगी माहितीही विनाकारण बाहेर पडत नाही.

ताळमेळ हाच कस

दिवसअखेर रोख जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नाही. तीच शिस्त येथेही पाळावी. डेटाबेसमध्ये किती ओळी मोजल्या आणि तक्त्यात किती आल्या? दोन्हीकडील शिलकेची बेरीज एकच आहे का? एखादा खाते क्रमांक दोनदा तर आलेला नाही ना? शेवटी, निष्क्रिय असल्याचे आधीच ठाऊक असलेली दोन-चार खाती यादीत आहेत ना, हे पाहावे. ती नसतील, तर यादी कितीही सुबक दिसो, क्वेरी पुन्हा तपासावी.

ग्राहकांनीही पत्ता व मोबाइल क्रमांक अद्ययावत ठेवावा, केवायसीची पूर्तता करावी आणि नामनिर्देशन नोंदवावे. विस्मरणात गेलेल्या ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले असून, तेथे अनेक बँकांतील दावा न केलेल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी कष्टाची पुंजी असते. ती ओळ वाटेत गळणार नाही, एवढी दक्षता घेणे हे आपले कर्तव्यच होय.