रशियाचा ‘जवळचा परदेश’ आणि युरोपचे ‘शेजारी’



आमच्या इमारतीखाली संध्याकाळी बाकावर जी मंडळी जमतात, त्यांत निम्मी रशियन बोलणारी. एक आजी खारकोवच्या, एक किशिनेवच्या, आणि एक आजोबा लेनिनग्राडचे. 2022 च्या फेब्रुवारीपासून आजोबा वेगळ्या बाकावर बसतात. “मोरा, ह्या भांडणाचे मूळ तरी काय?” असे आपल्यापैकी काहींनी आम्हांला विचारले. लढाईविषयी रोज खदाशोतमध्ये ऐकतोच. आम्ही त्याच्या आधीची गोष्ट सांगतो.

आम्ही मुंबईत भूगोल शिकलो तेव्हा नकाशावर सोव्हिएत युनियन एकाच रंगाचे होते. 1991 साली त्याचे पंधरा देश झाले. वेगळ्या निघालेल्या देशांना रशियन लोक ‘जवळचा परदेश’ म्हणू लागले. ह्या शब्दातच सारे आले. परदेश खरा, पण परका नव्हे! भाऊ वेगळे राहू लागले तरी परसातल्या विहिरीवर हुकूम आपलाच, असे थोरल्याला वाटते, तसे हे.

इकडे युरोपियन युनियनमध्ये 1 मे 2004 रोजी दहा नवे देश आले. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे पूर्वीचे सोव्हिएत प्रांतही त्यांत होते. युनियनची वेस पुढे सरकली, तेव्हा वेशीबाहेरच्यांसाठी ‘शेजार धोरण’ निघाले. युनियनचे त्या वेळचे प्रमुख रोमानो प्रोदी ह्यांची कल्पना अशी, की शेजाऱ्यांना बाजारात, कायद्यांत, व्यवहारात वाटा द्यावा, पण कारभारात नाही. जेवायला या, किल्ल्या मागू नका. मोरोक्कोपासून युक्रेनपर्यंत सोळा शेजारी ठरले. आपला इस्राएलही त्यांत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रशियालाही आमंत्रण होते. मोल्दोवा आणि मोरोक्कोच्या पंगतीला बसणे मॉस्कोला मानवले नाही. आम्ही बरोबरीचे, आमच्याशी वेगळे बोला, असे त्यांचे म्हणणे. आणि 2003 साली तसा वेगळा करार ठरलाही.

तोवर रशियाला युरोपपेक्षा नाटोची धास्ती अधिक होती. 2009 साली प्रागमध्ये युरोपने युक्रेन, बेलारूस, मोल्दोवा, जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान ह्या सहांशी ‘पूर्व भागीदारी’ जाहीर केली, तेव्हा सूर बदलला. युरोप आपल्या प्रभावाचे क्षेत्र वाढवीत आहे काय, असे परराष्ट्रमंत्री लावरोव ह्यांनी उघड विचारले. गंमत अशी की, ‘प्रभावक्षेत्र’ हा शब्द युरोपला आवडत नाही, आणि रशियाला त्याखेरीज दुसरी भाषा समजत नाही.

खरी गाठ पडली जकातीपाशी. 2010 साली रशिया, बेलारूस आणि कझाकस्तान ह्यांनी जकात संघ केला. अशा संघात बाहेरच्या मालावर सर्वांची जकात एकच असते. एकट्याने दुसऱ्या कोणाला सूट देता येत नाही. म्हणजे युरोपशी मुक्त व्यापार करणाऱ्याला ह्या संघात जागा नाही. शिवाय युक्रेनचा रशियाशीही मुक्त व्यापार होता. युरोपचा माल युक्रेनच्या मागच्या दाराने आमच्याकडे येईल, असे रशिया म्हणे. ह्या तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही, आणि ब्रसेल्सने ती वेळीच नीट ऐकली नाही असे आमचे मत आहे. पण मालाच्या मूळ देशाचे दाखले तपासून तो प्रश्न सुटला असता. मॉस्कोला सलत होते ते दुसरेच. त्यांच्या हिशेबात हे देश आपले आपण ठरवणारे नव्हतेच. युरोप त्यांना ओढतो किंवा रशिया ओढतो, एवढेच.

2013 साल पाहा. सप्टेंबरात आर्मेनियाने युरोपचा करार सोडून रशियाचा संघ पत्करला; संरक्षणासाठी तो रशियावर विसंबून होता. 21 नोव्हेंबरला युक्रेनच्या सरकारने करार थांबवला, आणि त्याच रात्री कीवच्या चौकात लोक जमले. पुढे मार्च 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. करार जूनमध्ये झालाच.

किशिनेवच्या आजी मात्र द्राक्षांची गोष्ट सांगतात. मोल्दोवाची वाइन मुख्यतः रशियात खपे. 2006 साली, आणि पुन्हा 2013 साली, रशियाने तिच्यावर बंदी घातली. कारण आरोग्याचे सांगितले. बागायतदारांनी युरोपात गिऱ्हाईक शोधले. आता ती वाइन इकडेच जास्त जाते. आजींच्या भाच्याची बाग आहे. रशियाने दार लावले म्हणून आम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पडलो, असे त्या म्हणतात, आणि म्हणताना दुसऱ्या बाकाकडे पाहतात. आजोबा काही बोलत नाहीत.