हिशेबाबाहेर राहिलेली बोंडअळी

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधी औषधांना दाद न देणाऱ्या अमेरिकन बोंडअळीने कापूस उत्पादकांना जेरीस आणले होते. बोंडअळीचा बंदोबस्त बियाण्यातच झाला आणि तिच्यासाठीच्या फवारण्या घटल्या. कृषी अर्थशास्त्रात मी संशोधनाला लागलो, तोवर हा दिलासा ओसरू लागला होता. गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटी वाणांना पचवू लागल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. दोन जनुकांचे वाण २००६ पासूनच बाजारात असल्याने ती बातमी फार कुणी मनावर घेतली नाही.

किडी विषाला सरावतात, हे मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या फळबागांमधल्या खवले किडीवरून १९१४ मध्येच मांडले होते. मला छळणारा प्रश्न वेगळा होता: या सरावण्याची किंमत कोण मोजतो? ह्यूथ आणि रेगेव्ह यांच्या १९७४ च्या निबंधाने वाट दाखवली. कीड औषधाला बळी पडते, हीच एक संपत्ती आहे आणि प्रत्येक वापरागणिक ती थोडी खर्च होते. ही संपत्ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते, म्हणून ती जपण्याचा खर्चही कुणी आपला मानत नाही.

विदर्भात हे बियाण्याच्या पाकिटातच दिसायचे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळे. ती शेताच्या कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढी पेरायची. तिथे विषाशी गाठ न पडलेले पतंग वाढतील, बीटीतून वाचलेल्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरणार नाही, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुडी बांधावर नाहीतर घराच्या कोपऱ्यात पडून राही. ‘माझ्या ओळी अळीने खायच्या आणि फायदा साऱ्या गावाला?’ असे शेतकरी विचारत. डोक्यावर पीककर्ज असलेल्या माणसाचा हा हिशेब बरोबरच होता. असे हजारो बरोबर हिशेब एकत्र झाले आणि सगळ्यांचाच तोटा झाला.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हा तोटा अधिक वेगाने झाला. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटोही चालतो. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि वेचणीनंतरही मार्चपर्यंत शेतात राखलेले पीक, म्हणजे फरदड, यांमुळे तिला खाणे कधी कमी पडले नाही. २०१७ च्या हंगामात डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) आणि कवडी (किडका, नीट न फुटलेला) कापूस महाराष्ट्रभर दिसला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. कापसाच्या खर्चाच्या कुठल्याही तक्त्यात या जिवांसाठी रकाना नव्हता.

अॅरिझोनात याच अळीशी वेगळ्या रीतीने झुंज दिली गेली. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बिगर-बीटी पट्टे मोठ्या प्रमाणावर पाळले, २००६ पासून वांझ पतंग सोडण्याची सामूहिक मोहीम चालली आणि तिच्या खर्चात कापूस उत्पादकांनी वाटा उचलला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कापसातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तिथली मोठी शेते आणि मजबूत संघटना आपल्याकडे नाहीत, म्हणून ती मोहीम जशीच्या तशी उचलता येणार नाही. खर्च वाटून घेण्याचे तत्त्व मात्र घेता येईल.

२०१७ नंतर आपल्याकडे जे उपयोगी ठरले, त्यातही हेच दिसते. जूनआधी पेरणी नको, फरदड नको, पतंग पकडणारे कामगंध सापळे गावभर हवेत: सारे गाव एकत्र आले तरच या उपायांना अर्थ. बिगर-बीटीच्या, म्हणजे आश्रयाच्या, ओळी पेरणाऱ्याला त्या नुकसानीची भरपाई मिळायला हवी, आणि ती बियाण्याच्या किमतीतूनच उभी करता येईल. कापसात नवे जनुक येईल तेव्हा ही तरतूद पहिल्या हंगामापासून असावी, एवढी मागणी या साऱ्या वर्षांचा अनुभव पाठीशी घेऊन मी करतो.