कावेरीचा भात, कतारचा वायू

व्यंकोजीराजांच्या तंजावरात भातशेतीखाली नैसर्गिक वायू आहे. शेतकऱ्याला मात्र विहिरी नकोत. कदिरामंगलम येथे २०१७ मध्ये ओएनजीसीच्या वाहिनीतून तेलगळती झाली, आंदोलन पेटले. २०२० मध्ये तमिळनाडूने कायद्याने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू प्रकल्पांना बंदी घातली.

दिल्लीची भिस्त मग कतारसारख्या देशांतून येणाऱ्या जहाजांवर. पण करार म्हणजे हमी नव्हे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर जर्मनीने गाझप्रोमची तेथील उपकंपनी ताब्यात घेतली, ‘गेल’चा करारबद्ध वायू अडला आणि खतकारखान्यांच्या पुरवठ्यात कपात झाली.

युरिया मुख्यतः वायूपासून बनतो. विहीर नाकारणारे शिवारही अखेर जागतिक बाजाराशी बांधलेले आहे. म्हणून विविध देशांशी करार आणि पुरेसा साठा, हाही कृषिधोरणाचाच भाग ठरतो.