काखेत कळसा, गावाला वळसा! विद्यापीठाचं ग्रंथालय मोबाईलवर आलं, पण वाचायचं कसं?

तुरीला मर लागली किंवा कपाशीत बोंडअळी दिसली की आपण काय करतो? आधी शेजारच्या वावरात जाऊन विचारतो. मग कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते औषध घेऊन येतो. अलीकडे तिसरी वाट निघाली आहे. खिशातला मोबाईल काढायचा आणि त्यालाच विचारायचं. यूट्यूबवर कोणी सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवतो, नाहीतर चॅटजीपीटीसारखं यंत्र चक्क मराठीत उत्तर देतं. या सगळ्या धावपळीत एक ठिकाण मात्र आपल्या ध्यानातही येत नाही. ते म्हणजे कृषी विद्यापीठाचं ग्रंथालय.

राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि दापोली व परभणीची १९७२ साली स्थापन झाली. तेव्हापासून तिथले एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आपल्याच मातीत, आपल्याच पिकांवर प्रयोग करत आले आहेत. कोणत्या वाणाला किती पाणी, कोणत्या किडीला कोणता उपाय, पेरणी पंधरा दिवस लांबली तर उतारा किती घटतो, असे विषय त्यात असतात. प्रत्येक प्रयोगाचा एक प्रबंध होतो, पदवी मिळते आणि प्रबंध कपाटात जाऊन बसतो. हा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून होतो. तरीही यातला एखादा प्रबंध आपल्या गावात किती जणांनी पाहिला असेल?

कपाट उघडले आहे

आता परिस्थिती बदलली आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘ई-ग्रंथ’ प्रकल्पातून ‘कृषिकोश’ नावाचे संगणकीय भांडार उभे राहिले. देशभरातील कृषी विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे प्रबंध, अहवाल व जुनी पुस्तके त्यात साठवलेली आहेत. त्यात आपल्या राज्यातील विद्यापीठांचेही प्रबंध आहेत. अनेक प्रबंध घरबसल्या पूर्ण वाचता येतात, काहींचा फक्त सारांश दिसतो. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’त इतर विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्थांना खुली करायची, असे त्यात ठरले. तुमचा मुलगा किंवा मुलगी अशा संस्थेत शिकत असेल, तर हे भांडार तिच्या हाताशी आहे.

ग्रंथ वाचकापर्यंत नेण्याची कल्पना नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या तिथून खेडोपाडी जात. पुढे १९३१ साली तामिळनाडूतल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. आता पेटी आणि बैलगाडीची जागा तारेने आणि मोबाईलने घेतली, एवढाच काय तो फरक. पण पेटीबरोबर आलेले पुस्तक कोणीतरी निवडून पाठवलेले असे. मोबाईलवर येणारी माहिती कोणी निवडलेली असतेच असे नाही. अडचण तिथेच आहे.

यंत्र बोलते छान, पण…

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. विद्यार्थी पुस्तकांची यादी घेऊन ग्रंथपालाकडे यायचे. यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, साल, सगळे व्यवस्थित असायचे. शोधायला गेले तर असे पुस्तक जगात कुठेच नाही! यंत्राने ते रचलेले असायचे. त्याचे कारण समजून घ्या. हे यंत्र मुळात एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत वाक्य तयार करते. दरवेळी ते कपाट उघडून पाहतेच असे नाही. त्यामुळे खरे आणि खोटे ते सारख्याच ठसक्यात सांगते.

म्हणून आज जगभरच्या ग्रंथालयांत पुस्तक देण्या-घेण्याबरोबर माहिती पारखायलाही शिकवतात. याला डिजिटल साक्षरता म्हणतात. मोबाईल चालवता आला, पैसे पाठवता आले म्हणजे माणूस डिजिटल साक्षर झाला, असे नव्हे. हे कोणी सांगितले, कधी सांगितले, कोणत्या भागासाठी सांगितले आणि सांगण्यात त्याचा काय फायदा आहे, हे विचारायची सवय म्हणजे खरी साक्षरता. बैल विकत घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. मग फुकट आलेल्या सल्ल्याचे दात का पाहू नयेत?

विद्यार्थ्याने खोट्या पुस्तकाचे नाव लिहिले तर फार तर मार्क जातील. शेतात चुकीची मात्रा गेली तर पीक जाते आणि जीवही जाऊ शकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधांची मनमानी मिश्रणे, डोक्यापर्यंत वाढलेली दाट कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नसणे अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. म्हणून फवारणीची मात्रा मोबाईलने सांगितली तरी डब्यावरचे लेबल आणि आतले माहितीपत्रक वाचल्याशिवाय पंप भरू नका. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव आहे का ते पाहा. त्रिकोणाचा रंगही पाहा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

प्रबंध वाचायचा कसा?

बहुतेक प्रबंध इंग्रजीत आहेत, हे खरे. पण घरात बारावी शिकलेले पोर असेल तर अडू नये. शोधताना पिकाचे इंग्रजी नाव टाकावे लागते. तुरीला तिथे पिजनपी म्हणतात, हरभऱ्याला चिकपी. सगळा प्रबंध वाचायची गरज नाही. सुरुवातीचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष एवढे वाचले तरी पुष्कळ कळते. प्रयोग कोणत्या जमिनीत केला, बागायत होता की जिरायत, एका हंगामाचा की दोन, हे मात्र आवर्जून पाहा. काळ्या भारी जमिनीतला निष्कर्ष मुरमाड रानात तसाच लागू होईलच असे नाही.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. प्रबंधातले आकडे बहुधा हेक्टरी असतात आणि आपण हिशेब एकरी करतो. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी १०० किलो नत्र लिहिले असेल तर एकरी ४० किलो झाले. तेही नत्र, युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणजे त्यासाठी साधारण ८७ किलो युरिया लागेल. यंत्राकडून भाषांतर करून घेतले असेल तर आकडा आणि एकक मूळ पानावर पुन्हा पडताळा.

आणखी एक गोष्ट. प्रबंध म्हणजे शिफारस नव्हे. एका विद्यार्थ्याचा प्रयोग हे पहिले पाऊल असते. पुढे चाचण्या होतात, चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत छाननी होते, तेव्हा कुठे शिफारस बाहेर पडते. या शिफारशी राहुरीच्या ‘कृषिदर्शनी’त, अकोल्याच्या ‘कृषी संवादिनी’त, परभणीच्या ‘कृषी दैनंदिनी’त मराठीत छापून मिळतात. शंका राहिली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

गावाने काय करावे?

सरपंच आणि भाऊसाहेब, आता थोडे तुमच्याशी. केंद्राचे ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये संपले. त्यात घरटी एका माणसाला २० तासांचे प्रशिक्षण होते. अभियान संपले, गरज संपली नाही. यासाठी वेगळी योजना यायची वाट पाहू नका. ग्रामपंचायतीत संगणक असतोच. गावात वाचनालय असेल तर टेबल-खुर्चीही आहे. तालुक्याच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर सात दिवस एखाद्या गावात मुक्कामी असते. खराटे आणि श्रमदान चालू द्या, पण एक संध्याकाळ ग्रंथपालांना बोलवा. गावातल्या मुख्य पिकावरचे पाच प्रबंध शोधून त्यांचे सार सोप्या मराठीत मुलांकडून लिहून घ्या, कृषी सहायकांकडून तपासून घ्या आणि वाचनालयाच्या फलकावर लावा. महिला बचत गटांनाही बोलवायला विसरू नका. खुरपणी-वेचणीत पीक सगळ्यात जवळून त्याच पाहतात.

खर्च म्हणाल तर कागद आणि चहापाणी. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यातल्या येत्या एका सभेत हा विषय घ्यायला काय हरकत आहे? ज्ञानाचा कळसा आपल्या काखेत आहे. त्यासाठी गावाला वळसा घालण्याचे दिवस आता संपायला हवेत.