दिवसा दिसतो, रात्री गायब : वायरवरच्या कॅमेऱ्याचं दुखणं

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं नेहमीप्रमाणे थोडं आवरून लिहून काढलंय.

सातपूरच्या अशोकनगरमधून एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. ते एमआयडीसीत कामाला आहेत, रात्रपाळी असते. घरी आई-वडील, दोघंही सत्तरीच्या पुढचे. घराला चार कॅमेरे, सगळे वायरवरचे. पाळीवर असताना सुट्टीत पाच मिनिटं मोबाईलवर घर बघायचं, ही त्यांची सवय. आणि नेमका मागच्या बोळाच्या दारावरचा कॅमेरा अंधार पडला की गायब. सकाळी आपोआप हजर! ज्यांनी बसवले ते म्हणाले, कॅमेरा गेलाय, बदला. बदलला. त्याच रात्री नवाही गायब.

मी जवळच श्रमिकनगरला राहतो, म्हणून जाऊन बघितलं. खरं सांगायचं तर मेसेज ऐकतानाच माझा संशय कॅमेऱ्यावर नव्हता. दिवसा चालतो आणि रात्री जातो, म्हणजे वीज पुरत नाहीये.

होतं काय, की अंधार झाला की कॅमेरा आपले इन्फ्रारेड दिवे लावतो. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, फार तर मंद लाल ठिपके दिसतात. पण त्यांना वीज लागते. दिवसा तीन-चार वॅटवर भागवणारा कॅमेरा रात्री सात-आठ वॅट मागतो. तेवढी पोचली नाही की तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, दिवे लावतो, पुन्हा बंद पडतो. रात्रभर हाच खेळ. मोबाईलवर आपल्याला फक्त ‘ऑफलाइन’ दिसतं.

याची खात्री करायला रात्रीची वाट बघायची गरज नाही. भर दुपारी कॅमेऱ्यावर जाड काळं कापड टाका. ‘टक्’ असा बारीक आवाज येईल, तो आतली काच सरकल्याचा. म्हणजे कॅमेरा रात्रीच्या मोडमध्ये गेला. आता तो मेला, तर निदान झालं. उलटी परीक्षाही आहे : सेटिंगमध्ये जाऊन इन्फ्रारेड दिवे बंद करा. चित्र काळंकुट्ट येईल, पण कॅमेरा रात्रभर टिकला तर दोष विजेचाच.

वीज जाते कुठे? या घरात नेटवर्कच्याच वायरीतून १२ व्होल्ट सोडले होते. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसच्या कॅमेऱ्याला माहितीसाठी चारच लागतात, उरलेल्या चारांतून दोन्ही टोकांना स्प्लिटर लावून वीज पाठवायची. स्वस्तात काम होतं. जवळच्या कॅमेऱ्याला चालतंही. पुढचे तिन्ही कॅमेरे ठणठणीत होते. पण मागची वायर जिन्यातून गच्चीवर आणि तिथून खाली बोळात अशी फिरून गेलेली, चाळीसेक मीटर.

आता ढोबळ हिशोब बघा. सात वॅटला १२ व्होल्टवर साधारण ०.६ अँपिअर करंट लागतो. तांब्याच्या तारेतून, दोन तारा जाताना आणि दोन येताना, ४० मीटरवर दोन-सव्वादोन व्होल्ट वाटेतच पडतात. कॅमेऱ्याला पावणेदहा मिळाले, अजून जीव आहे. पण वायर तांब्याची नसेल तर? बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर भरपूर मिळते. तिचा रोध साधारण दीडपट. म्हणजे सव्वातीन व्होल्ट गेले, हातात नऊच्याही खाली. इथे कॅमेरा मान टाकतो.

ओळखायची कशी? एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. खोक्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. ३०५ मीटरचं खोकं उचलून बघितलं तरी कळतं, तांब्याचं चांगलंच जड असतं. अशोकनगरची वायर चंदेरी निघाली.

यावर नीट उपाय म्हणजे पीओई, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज, पण प्रमाणित पद्धतीने आणि ४८ व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज चौपट, म्हणून करंट पाव, आणि तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्शावर. साध्या पीओईच्या मानकात स्विच १५.४ वॅट सोडतो आणि १०० मीटरवर १२.९५ वॅट पोचतील असं धरलेलं असतं. उरलेले अडीच वॅट वायरीचा कर. मात्र स्विच घेताना नुसती पोर्टांची संख्या बघू नका, एकूण वॅट बघा. आठ पोर्टांचा स्विच ६० वॅटचा असेल आणि आठ कॅमेरे रात्री आठ-आठ मागायला लागले तर ६४ होतात. मग एखादा कॅमेरा रोज रात्री रुसतो आणि आपण पुन्हा कॅमेराच बदलत बसतो. कॅमेऱ्याच्या लेबलवर पीओई लिहिलंय का तेही आधी बघा, आणि जुने स्प्लिटर दोन्ही टोकांचे काढून टाका. त्या घरात मागच्या दारापुरती तांब्याची नवी वायर आणि एक छोटा पीओई स्विच एवढ्यावर काम झालं.

बरं, सगळीच दुखणी विजेची नसतात. वीज नीट असून चित्र अडखळत असेल तर कनेक्टर बघा. इथे एक फसवी गोष्ट आहे. काही जण आठ तारा दोन्हीकडे सारख्याच, पण मनाला येईल त्या क्रमाने बसवतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, सगळे खूश. पण तारा जोडीने पिळलेल्या असतात त्या उगाच नाही. एकाच संदेशाच्या दोन्ही तारा एकाच जोडीतल्या असल्या तरच बाहेरचा गोंगाट एकमेकांत कटतो. १-२ ही एक जोडी आणि ३-६ ही दुसरी. मनमानी क्रमात ३ नंबर एका जोडीतला आणि ६ दुसऱ्याच जोडीतला येतो. पाच मीटरवर चालून जाईल, चाळीसवर बोंब. क्रम लिहून घ्या : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

लाइट जाऊन आल्यावर दोन कॅमेरे आळीपाळीने दिसत असतील, तर दोघांना एकच आयपी पत्ता मिळालाय. किंवा राउटरने कॅमेऱ्याचा पत्ता घरातल्या एखाद्या मोबाईलला देऊन टाकलाय. राउटर आपणहून वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा एकेक कायमचा पत्ता प्रत्येक कॅमेऱ्याला द्या. तेवढंच.

तिथे असताना रेकॉर्डरचं घड्याळही बघितलं. लाइट गेल्यावर ते मागे पडत असेल तर आतला नाण्यासारखा सेल संपलाय. किरकोळ वाटतं, पण उद्या चोरी झाली आणि पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली, तर रात्री दोनचा माणूस संध्याकाळी सातला दिसून कसं चालेल?

आणि पासवर्ड. वायरवरचा आहे म्हणून कॅमेरा सुरक्षित, हा समज सोडा. २०१६ साली ‘मिराई’ने जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले ते कंपनीतून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून. त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये डिन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

शेवटी पावसाचं. त्र्यंबकच्या बाजूने सर आली की आधी भिजतो तो भिंतीवर लोंबणारा कनेक्टर. तो प्लास्टिकच्या बंद डबीत घाला, वायर डबीत खालून वर न्या आणि त्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरूनच टपकेल. पिना हिरव्या पडल्या असतील तर पुसत बसू नका, कनेक्टर कापून नवा लावा. दहा-वीस रुपयांचं काम आहे. पुढच्या भागात रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कबद्दल बोलू. त्यावर तिघांचे मेसेज आलेत.